‘समायोजन करूनही फरक उरतो’ म्हणजे नेमकं काय उरतं? साउथॉलचा अभ्यास वाचताना

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: “दक्षिण आशियाई लोकांमध्ये जनुकीय कारणांमुळे हृदयविकाराचा धोका जास्त असतो.” संदर्भ म्हणून पुढे लंडनच्या ‘सेबर’ अभ्यासाचा २०१३ सालचा पेपर टाकला होता. गाईडनी ‘जनुकीय’ या शब्दाभोवती गोल काढला आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं, “पेपरमध्ये कुठे आहे?” मी मोठ्या आत्मविश्वासाने पेपर उघडला. पाऊण तास शोधलं. कुठेच नव्हतं. पेपर एवढंच म्हणत होता की, मोजलेल्या घटकांनी हा फरक समजावून सांगता येत नाही. तिथून ‘जनुकीय’पर्यंतची उडी माझी होती.

ही उडी फक्त सिनॉप्सिसमध्ये मारली जाते असं नाही. माझे थोरले काका अडुसष्ट वर्षांचे आहेत. पंधरा वर्षांपासून मधुमेह, सोबत रक्तदाब. मागच्या दिवाळीत कळलं की त्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली आहे. मी विचारलं तर म्हणाले, “अगं, आपल्या रक्तातच आहे ते. बाबांना होतं, मला होणारच. गोळीने रक्त बदलतं का?” त्यांचं वाक्य आणि माझ्या मसुद्यातलं वाक्य एकच होतं. फरक एवढाच की माझ्या वाक्याला संदर्भ होता.

म्हणून आज हा पेपर नीट वाचू. काय भक्कम आहे, काय डळमळीत आहे, आणि तुम्ही उद्या तो तुमच्या प्रबंधात वापरणार असाल तर किती वापरू शकता.

आधी पेपर काय सांगतो

सेबर म्हणजे ‘साउथॉल अँड ब्रेंट रिव्हिजिटेड’. साउथॉल आणि ब्रेंट हे लंडनच्या पश्चिमेकडचे भाग. १९८८ ते १९९१ या काळात तिथल्या ४० ते ६९ वयाच्या लोकांची तपासणी झाली. गट तीन: युरोपीय, दक्षिण आशियाई आणि आफ्रिकन-कॅरिबियन. रक्तदाब, कंबर, लिपिड, उपाशीपोटीचं आणि ग्लुकोज प्यायल्यानंतरचं इन्शुलिन, सगळं मोजलं.

साउथॉलच्या या माहितीवर मकीग, शहा आणि मार्मट यांचा १९९१ सालचा लॅन्सेटमधला पेपर प्रसिद्ध आहे. त्यात ३,१९३ पुरुष आणि ५६१ स्त्रिया होत्या. मधुमेहाचं प्रमाण दक्षिण आशियाई गटात १९ टक्के, युरोपीय गटात ४ टक्के. शिवाय दक्षिण आशियाई गटात पोटाभोवतीची चरबी जास्त, इन्शुलिन जास्त, ट्रायग्लिसराइड जास्त आणि ‘चांगलं’ एचडीएल कमी. यावरून एक सुटसुटीत साखळी मांडली गेली: पोटाची चरबी, त्यातून इन्शुलिनला प्रतिरोध, त्यातून मधुमेह आणि हृदयविकार. पण हे सगळं एकाच वेळी मोजलेलं होतं. आधी काय आणि नंतर काय, हे कळायला वाट बघावी लागणार होती.

ती वाट वीस वर्षं बघितली गेली. चाळिशी ते सत्तरीच्या आत असलेली माणसं साठी ते नव्वदीच्या टप्प्यात पोचली. २०१३ मध्ये टिलिन आणि सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ द अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी’मध्ये निकाल छापले: २,०४९ युरोपीय, १,५१७ दक्षिण आशियाई आणि ६३० आफ्रिकन-कॅरिबियन. वय आणि लिंग धरून हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचं गुणोत्तर दक्षिण आशियाई गटात युरोपीय गटाच्या १.७० पट आलं. आफ्रिकन-कॅरिबियन गटात ते ०.६४ होतं, म्हणजे युरोपीयांपेक्षाही कमी. कंबर-नितंब गुणोत्तर किंवा कोलेस्टेरॉलचं समायोजन केलं तरी दक्षिण आशियाई गटाचा फरक पुसला गेला नाही. आफ्रिकन-कॅरिबियन गटाचा फायदाही एचडीएल आणि एलडीएल धरल्यावर टिकून राहिला.

आता गंमत बघा. मधुमेह दोन्ही गटांत भरपूर होता. याच अभ्यासानुसार वयाच्या ऐंशीपर्यंत या दोन्ही गटांतल्या साधारण ४० ते ५० टक्के लोकांना मधुमेह झाला, म्हणजे युरोपीय गटाच्या जवळपास दुप्पट. तरी हृदय दोन विरुद्ध दिशांना गेलं. मेंदू मात्र एकाच दिशेने गेला. पक्षाघाताचं गुणोत्तर दक्षिण आशियाई गटात १.४५ आणि आफ्रिकन-कॅरिबियन गटात १.५०. आणि ज्यांना मधुमेह होता त्यांच्यात हे आकडे वाढून १.९७ आणि २.२१ झाले.

भक्कम काय आहे

टीका करायची म्हणजे नावं ठेवायची असं नाही, म्हणून आधी जमेची बाजू. तिन्ही गट एकाच भागात राहणारे, एकाच सरकारी आरोग्यसेवेखालचे. वीस वर्षांचा पाठपुरावा. मधुमेह आहे का हे नुसतं विचारलेलं नाही, ग्लुकोज पाजून तपासलेलं आहे.

माझ्या मते सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे तिसरा गट. फक्त युरोपीय आणि दक्षिण आशियाई असे दोनच गट असते तर आपण खुशाल लिहिलं असतं, ‘मधुमेह जास्त म्हणून हृदयविकार जास्त’. आफ्रिकन-कॅरिबियन गटाने ती सोपी साखळी तोडली. तुम्ही स्वतःचा अभ्यास आखाल तेव्हा हे लक्षात ठेवा. दोन गटांची तुलना तुमचं म्हणणं सजवते. तिसरा गट ते खोडू शकतो, म्हणून तो मोलाचा.

गाळणीची भोकं

आता मूळ प्रश्न. ‘समायोजन करूनही फरक उरतो’ याचा अर्थ काय?

समायोजन म्हणजे गाळणी समजा. मोठ्या भोकांच्या गाळणीतून चहा गाळला आणि कपात चोथा आला, तर हा चोथा पाण्यातूनच निघाला असं आपण म्हणत नाही. आधी गाळणी बघतो. इथे गाळणीला निदान तीन मोठी भोकं आहेत.

पहिलं भोक म्हणजे मोजमाप एकदाच झालं. १९८८ ते १९९१ मधली कंबर आणि इन्शुलिन घेऊन २००८ किंवा २०१० सालचा झटका समजावून सांगायचा आहे. मधल्या काळात माणूस बदलला, वजन बदललं, औषधं सुरू झाली. एकदाच मोजलेला घटक खऱ्या परिणामाचा काही भागच गाळतो, बाकीचा खाली येतो आणि ‘वंशा’च्या खात्यावर जमा होतो.

दुसरं भोक म्हणजे तीच पट्टी वेगवेगळ्या शरीरांत वेगळं मोजते. याचं उत्तम उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटने छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हे दोघे एका टेबलात असते तर संगणकाने ‘वजन सारखं’ म्हणून दोघांना समान धरलं असतं. कंबर-नितंब गुणोत्तर या बाबतीत बॉडी मास इंडेक्सपेक्षा बरं आहे, पण तेही बाहेरूनच मोजलेलं. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांच्या ‘मसाला’ अभ्यासात सीटी स्कॅन वापरले तेव्हा आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंच्या मध्ये इतर गटांपेक्षा जास्त चरबी दिसली, आणि स्नायू कमी. म्हणजे ‘कंबरेचं समायोजन केलं’ याचा अर्थ ‘चरबीचं समायोजन केलं’ असा होत नाही.

तिसरं भोक म्हणजे मधुमेहाचा रकाना: हो किंवा नाही. दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह लवकर होतो. सत्तरीच्या दोन माणसांपैकी एकाला पंचेचाळिसाव्या वर्षी झाला आणि दुसऱ्याला साठाव्या वर्षी, तर दोघांच्याही पुढे ‘हो’ असंच येतं. एकाच्या रक्तवाहिन्यांनी पंचवीस वर्षं साखर सोसली, दुसऱ्याच्या दहा. वयस्कर मधुमेहींवर कुणी काम करणार असाल तर मी हात जोडून सांगते, ‘किती वर्षांपासून’ हा प्रश्न प्रश्नावलीतून गाळू नका.

घड्याळ कुठून सुरू केलं?

हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने तपासता येतो. ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ या मोठ्या चाचणीत मधुमेहाचं नव्याने निदान झालेले लोक घेतले होते, त्यांत दहापैकी साधारण एक भारतीय वंशाचा. तिथे सगळ्यांचं घड्याळ निदानाच्या दिवसापासून सुरू झालं. १९९८ मध्ये त्यांनी वंशानुसार निकाल दिले. आफ्रिकन-कॅरिबियन रुग्णांना हृदयविकाराचा झटका खूपच कमी, हे सेबरशी जुळतं. पण भारतीय वंशाच्या रुग्णांचा धोका गोऱ्या रुग्णांपेक्षा वेगळा दिसला नाही!

मग खोटं कोण? कुणीच नाही. प्रश्न वेगळे आहेत. सेबर विचारतो, ‘या वस्तीत राहणाऱ्यांपैकी कुणाला जास्त होतो?’ यूकेपीडीएस विचारतो, ‘मधुमेह झाल्यावर, तिथून पुढे, कुणाला जास्त होतो?’ दुसऱ्या प्रश्नात एक मेख आहे. गोऱ्या माणसाला मधुमेह व्हायला सहसा जास्त वजन लागतं. म्हणून फक्त मधुमेही निवडले की गोऱ्या गटात जास्त लठ्ठ माणसं गोळा होतात आणि तुलना आपोआप बदलते. शिवाय वर्षभरात झटका येऊन गेलेल्यांना आणि चालू छातीदुखी असलेल्यांना त्या चाचणीत प्रवेशच नव्हता. ज्यांचं हृदय आधीच बिघडलं होतं ते दाराबाहेर राहिले.

घड्याळाची आणखी एक अडचण वयामुळे येते. साठी-सत्तरीनंतर माणसं हृदयविकार व्हायच्या आधी इतर कारणांनीही जातात. सेबरच्या लेखकांनी याचा विचार करून सबहॅझार्ड रेशो वापरला. या पद्धतीत दुसऱ्या कारणाने वारलेली व्यक्ती हिशेबातून लगेच काढत नाहीत. पुढच्या दहा वर्षांत किती लोकांना झटका येईल, किती खाटा लागतील, हे सांगायला ती चांगली. पण ‘का’ विचारायचं असेल तर जपून. धरा की एका गटात कर्करोगाने किंवा फुप्फुसाच्या आजाराने जास्त माणसं गेली. त्या गटात झटक्यांची नोंद आपोआप कमी होईल आणि दुसऱ्या गटाचं गुणोत्तर फुगलेलं दिसेल. त्या १.७० मध्ये अशी सावली किती, हे कळायला कारणनिहाय गुणोत्तर शेजारी हवं. तुमच्या प्रबंधात दोन्ही द्या. परीक्षक विचारणारच.

‘दक्षिण आशियाई’ म्हणजे कोण?

साउथॉलच्या दक्षिण आशियाई गटात मोठा भाग पंजाबी मुळांच्या लोकांचा होता, विशेषतः शीख. पहिल्या पिढीतले स्थलांतरित, त्यातले बरेच कारखान्यांत राबणारे. शीख समाजात धूम्रपान धर्मानेच वर्ज्य, त्यामुळे तंबाखूकडे बोट दाखवून हा जादा धोका सहज समजावता येत नाही, हेही खरं. १९९१ च्या पेपरमध्ये स्त्रिया किती थोड्या होत्या ते वर पाहिलंच. आता सांगा, या आकड्यावरून नांदेडच्या सत्तर वर्षांच्या आजीबद्दल ‘भारतीयांमध्ये’ असं वाक्य लिहायचं का?

उलट टोकाचं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. कार्टर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘जामा’त ६२,४३२ मधुमेहींचा अभ्यास छापला. सगळे कायझर परमनंटे या एकाच विमा-आरोग्यसेवेचे सदस्य. तिथे कृष्णवर्णीय, आशियाई आणि लॅटिनो या तिन्ही गटांत हृदयविकाराचा झटका गोऱ्यांपेक्षा कमी निघाला, आणि मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण तिन्ही गटांत जास्त. ‘आशियाई’ हा शब्द बघून हा पेपर सेबरच्या विरुद्ध उभा करू नका. त्या एका रकान्यात चीन, फिलिपिन्स, जपान, भारत अशा सगळ्या मुळांची माणसं बसवली होती. शिवाय तिथेही सगळेच मधुमेही, म्हणजे घड्याळाचा प्रश्न पुन्हा आलाच.

रकान्यांची ही गफलत अमेरिकेतल्या संशोधकांनाही जाणवली. त्यांच्या ‘मेसा’ या मोठ्या अभ्यासात ६,८१४ लोक आणि चार गट होते, पण दक्षिण आशियाई नव्हते. म्हणून २०१० मध्ये ‘मसाला’ सुरू झाला, सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर आणि शिकागो मिळून ९०६ लोक. तिथे वय धरून मधुमेह २३ टक्के निघाला, तर मेसातल्या गोऱ्यांमध्ये ६ टक्के. मसालातले लोक बहुतेक उच्चशिक्षित आणि सुस्थितीतले. साउथॉलचे कामगार आणि शिकागोचे इंजिनीअर, दोन्हीकडे मधुमेह जास्तच. त्यामुळे ‘सगळं गरिबीमुळे’ हे उत्तरही चालत नाही. माझी टीका ‘फरक खोटा आहे’ अशी नाही. फरक खरा आहे, मोठा आहे. त्याला कारणाचं लेबल घाईने लावू नका, एवढंच म्हणणं आहे.

पक्षाघाताचा आकडा आणि त्याचा कंस

‘मधुमेहींमध्ये पक्षाघाताचा वांशिक फरक आणखी वाढतो’ हे या पेपरचं सगळ्यात जास्त उचललं जाणारं वाक्य. आकड्याशेजारचा कंस वाचा. दक्षिण आशियाई मधुमेहींसाठी १.९७, विश्वासार्हतेची मर्यादा १.१६ ते ३.३५. सगळ्यांसाठी १.४५, मर्यादा १.१७ ते १.८०. दुसरी मर्यादा पूर्णपणे पहिलीच्या पोटात बसते. आफ्रिकन-कॅरिबियन मधुमेहींची मर्यादा तर १.१४ ते ४.३०. मधुमेही आणि बिगरमधुमेही यांच्यात खरंच फरक आहे का, हे दोन आकडे शेजारी ठेवून ठरत नाही. त्यासाठी वंश आणि मधुमेह यांच्या परस्परक्रियेची चाचणी बघावी लागते. लेखकांनी स्वतः निष्कर्षात सावध भाषा वापरली आहे आणि पुढे अभ्यास व्हावा असं म्हटलं आहे. सावधपणा गळतो तो उद्धृत करणाऱ्यांच्या हातून. आपल्या हातून.

‘घराण्यात’ आणि ‘जनुकात’

शेवटचा मुद्दा माझ्या त्या गोल केलेल्या शब्दाचा. घराण्यात असणं म्हणजे जनुकात असणं नव्हे. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ चालू आहे. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलो. पुण्याची बाळं सगळ्याच बाबतीत सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. याज्ञिक यांनी या ठेवणीला ‘थिन-फॅट’ म्हटलं आणि आईच्या पोषणाकडे बोट दाखवलं. हेही आईकडून मुलाकडेच आलं, पण डीएनएच्या अक्षरांतूनच आलं पाहिजे असं नाही. जनुकांचा वाटा असेल, नक्कीच असेल. पण तो जनुकं मोजणाऱ्या अभ्यासाने सांगायचा. ‘इतर काही सापडलं नाही’ यातून तो सिद्ध होत नाही.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

वांशिक फरकाचा कुठलाही पेपर हातात आला की मी आता वहीत पाच प्रश्न लिहिते:

१. या रकान्यात नेमकी कुठली माणसं आहेत, आणि कोण नाही?
२. घड्याळ कुठून सुरू केलं: जन्म, निदान की अभ्यासाचा पहिला दिवस?
३. ज्या घटकांचं समायोजन केलं ते किती वेळा आणि कशाने मोजले?
४. म्हातारपणी इतर कारणांनी गेलेल्यांचं काय केलं?
५. उपगटाचा आकडा मोठा दिसतो, पण परस्परक्रियेची चाचणी काय म्हणते?

आणि माझं ते वाक्य आता असं आहे: “साउथॉल आणि ब्रेंटमधल्या पहिल्या पिढीच्या, मुख्यतः पंजाबी स्थलांतरितांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचं प्रमाण त्यांच्या युरोपीय शेजाऱ्यांपेक्षा जास्त होतं. १९८८ ते १९९१ दरम्यान एकदा मोजलेल्या चयापचयाच्या घटकांनी हा फरक पूर्णपणे समजत नाही.” लांबलचक आहे, मान्य. ऐकायला पहिलं जास्त रुबाबदार होतं. पण या वाक्यापुढे ‘कुठे आहे?’ असं कुणी लिहिलं तर मी पान दाखवू शकते.

काकांकडे मी परवा गेले होते. त्यांना गुणोत्तरं सांगितली नाहीत. यूकेपीडीएसचाच दुसरा निकाल सांगितला. मधुमेहींच्या एका गटाचा रक्तदाब सरासरी १४४/८२ वर आणला, दुसऱ्याचा १५४/८७ वर राहिला. एवढ्याशा फरकाने पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. “म्हणजे बघा काका, रक्त तेच, फक्त दाब कमी केला.” ते काही बोलले नाहीत. काकूने मात्र मागून विचारलं, “जुनी चिठ्ठी चालेल का डॉक्टरांची, की नवीन काढावी लागेल?” नवीनच काढा म्हटलं. सोमवारची वेळ घेतली आहे.